गाडीतला टेप चोरीला गेला ती दुपार

वडिलांना बसवायला मी गाडीचं पुढचं दार उघडलं, सीट झटकायला हात फिरवला आणि तळव्याला काचेचे कण टोचले. वर बघितलं तर स्टिअरिंगच्या शेजारी, जिथे टेपची स्क्रीन होती, तिथे काळं चौकोनी भगदाड पडलं होतं. त्यातून कापलेल्या रंगीबेरंगी तारा बाहेर लोंबत होत्या. भोवतीची प्लॅस्टिकची चौकट फोडून गिअरपाशी टाकलेली. दोन्ही दारांच्या खालच्या जाळ्या उचकटलेल्या आणि आतले स्पीकर गायब. मागच्या दारालगतची छोटी तिकोनी काच फोडून कुणीतरी आत हात घातला होता.

"काय झालं गं?" माझ्या खांद्यावर हात ठेवून मागे उभ्या असलेल्या वडिलांनी विचारलं.

"बापू, टेप नेला कोणीतरी."

"आन् गाडी?"

"गाडी आहे. टेप आणि स्पीकर नेले."

त्यांनी हात पुढे करून दार चाचपलं. त्यांना नीट दिसत नव्हतं. आदल्या दिवशी वाशिमला त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. सकाळी पट्टी काढून काळा चष्मा दिला होता, आणि डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू होताच. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं की डोळ्याला धूळ लागता कामा नये, वाकायचं नाही, आणि धक्का तर अजिबात बसू द्यायचा नाही. मी हिंगोलीत ज्युनिअर कॉलेजला शिकवते. नवरा नोकरीला नांदेडला, भाऊ हळदीच्या कामात अडकलेला, म्हणून सुटी टाकून मीच गाडी घेऊन गेले होते. परत येताना कनेरगाव नाक्याच्या जवळ एका ढाब्यावर जेवायला थांबलो. ऊन मरणाचं होतं. म्हणून गाडी समोर न लावता मागच्या बाजूला कडुलिंबाच्या सावलीत लावली. जेवायला बसल्या जागेवरून ती दिसत नव्हती.

मी ढाबेवाल्याला हाक मारली. हात पुसत तो आला, गाडीत डोकावला आणि त्याचा चेहराच उतरला.

"ताई, इतके वर्सं झाले, असं कधी झालं न्हाई इथं. देवाशपथ."

त्याच्या मागे जेवणारी माणसं एकेक करून आली. दोन ट्रकवाले, लग्नाहून परतणारे चार-पाच जण, शेजारच्या पंक्चरच्या दुकानातला माणूस. प्रत्येकजण आत वाकून बघायचा, भगदाडाचा फोटो काढायचा आणि मागे सरायचा. त्यांच्यात पांढऱ्या कडक शर्टातला एक गृहस्थ होता. स्वतःच्या जीपने आलेला, बोलायची सवय असलेला. त्याने एकदाच बघितलं आणि निकाल देऊन टाकला.

"तांड्यावरचे पोट्टे. दुसरं कोण? टेकडीच्या मागं तांडाच हाय ना."

"त्यांचाच धंदा हाय हा," लग्नाच्या घोळक्यातलं कुणीतरी म्हणालं.

मी वडिलांकडे बघितलं. काळ्या चष्म्यामागे त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते दिसलं नाही. ते गाडीला टेकून उभे होते, अंगात स्वच्छ शर्ट, पायजमा, डोक्यावर टोपी. आमचाही तांडाच आहे, औंढ्याच्या पलीकडे डोंगराच्या कडेला. माझे पणजोबा बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहायचे, आजोबांच्या काळात जमीन आली, आणि मी त्या तांड्यातून शिकून बाहेर पडले. घरात आम्ही गोरबोली, म्हणजे बंजारा बोली, बोलतो. पण अनोळखी माणसांत मी आणि बापू मराठीतच बोलतो. कधी ठरवलं नव्हतं, तशी सवयच पडून गेली होती. त्यामुळे समोरच्या कुणालाही आम्ही कोण ते कळायला मार्ग नव्हता. गाडी चालवणारी, चष्मा लावलेली बाई तांड्यावरची असेल असं त्यांच्या डोक्यात येणार तरी कसं?

"कोणी बघितलं का इथं कुणाला?" मी विचारलं. "बघितल्याशिवाय काहून कुणाचं नाव घेऊन राहिले?"

पंक्चरवाला पुढे आला. "बघितलं म्हणजे... एक मोटरसायकल हुबी व्हती जरा वेळ. लिंबाखालीच. बाई व्हती मागं, आन् बाईच्या मांडीवर पोतं. आत्ताच गेले हिंगोलीकडं."

पुढचं सगळं मला थांबवताच आलं नाही. पांढऱ्या शर्टाने नुसता हात केला आणि लग्नाच्या घोळक्यातली दोन माणसं मोटरसायकलवर बसून निघालीही. "अहो, थांबा, आधी पोलिसांना फोन करू," असं मी म्हणत होते, पण ते मोटरसायकलच्या आवाजातच गेलं. ढाबेवाल्याने वडिलांना बाजेवर बसवलं. मी पोलिसांना फोन लावला. पलीकडून सांगितलं, जागेवर थांबा, माणूस पाठवतो. मी नवऱ्यालाही लावला, त्याने उचलला नाही.

बापू हळूच म्हणाले, "जाऊ दे ना. टेपाबिगर गाडी चालत न्हाई का?"

"चालते."

"मग चल घरी. आत्ताच्या आत्ता चल."

पुढे काय होणार आहे ते त्यांना माझ्याआधी कळलं होतं. मी त्यांचा हात धरून उठवणार तेवढ्यात रस्त्यावरून आरडाओरडा ऐकू आला.

त्या दोघांनी जोडप्याला जवळच्याच फाट्यावर गाठलं होतं. एकाने त्यांच्या मोटरसायकलची चावी काढून घेतलेली, दुसरा नवऱ्याच्या कॉलरला धरून त्याला चालवत आणत होता. माणूस तिशीचा असेल, सडपातळ, दाढी वाढलेली. बायको पोतं छातीशी धरून मागोमाग धावत होती. तिच्या हातावरचं गोंदण आणि बांगड्या बघूनच मी ओळखलं. आमचीच होती.

"पोतं उघड!"

"उघडतो ना! ओढू नका, सायेब, नाजूक माल हाय," तो म्हणत होता. पण पोतं तोपर्यंत हिसकावलं गेलं होतं. आतून टॉवेलात गुंडाळलेली एक काळी स्क्रीन निघाली. त्याखाली दोन गोल स्पीकर.

मग एकदम गलका उठला. मी आजवर माणसं भांडताना पुष्कळ बघितली होती, पण तो आवाज वेगळा होता. त्यात आनंद होता.

"ताई, हाच ना तुमचा?" पांढऱ्या शर्टाने स्क्रीन माझ्यासमोर धरली.

काळी, चौकोनी, काचेवर बोटांचे ठसे. माझीही तशीच होती. रोज डोळ्यासमोर असलेली वस्तू, पण गाडीतून काढून हातात दिल्यावर मला तिची काहीच ओळख सांगता येईना. माझ्या स्क्रीनच्या मागची बाजू मी आयुष्यात कधी बघितली नव्हती.

"मला नाही सांगता येत," मी म्हणाले.

"म्हणजे हाच!" कुणीतरी ओरडलं आणि पहिली थप्पड बसली.

तो माणूस कोलमडला, सावरला. "सायेब, माझं सौंडचं काम हाय. लग्नातले बॉक्स, गाड्यातले टेप, समदं करतो. हा गिऱ्हाईकाच्या जीपचा हाय, आवाज येत न्हाई म्हनून हिंगोलीला दुरुस्तीला नेऊन राहिलो. फोन लावून इचारा त्येला!"

"लाव फोन!"

त्याने फोन लावला. पलीकडे नुसतीच रिंग वाजत राहिली. दुसरा हात त्याच्या पाठीत बसला. त्याच्या ओठातून रक्त आलं. बायको मध्ये घुसली, एकाच्या मनगटाला तिने दातच लावले. तो शिवी देऊन मागे झाला आणि त्याने पायातली चप्पल काढली.

मी त्या तिघांच्या मध्ये कशी गेले ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं की माझी ओढणी कुणाच्या तरी हातात अडकली होती आणि मी वर्गात ओरडते त्या आवाजात ओरडत होते. "गाडी माझी आहे! तक्रार माझी आहे! कुणी हात लावायचा नाही!"

चपलेचा हात थांबला. पण वर्तुळ मोडलं नाही, उलट जवळ आलं. घामाचा, मसाल्याचा, तंबाखूचा वास येत होता. मला कळत होतं की हे थांबणं टिकणार नाही. यांना काहीतरी दाखवायला हवं होतं, लवकर. आणि मग लोंबत्या तारा डोळ्यांसमोर आल्या.

"त्या स्क्रीनची मागची बाजू दाखवा," मी म्हणाले. पांढऱ्या शर्टाने ती उलटी केली. मागे तारा जोडायच्या खाचा होत्या, रिकाम्या आणि स्वच्छ. "माझ्या गाडीतल्या तारा कापल्यात. कापल्या तर त्यांचे प्लग स्क्रीनलाच राहायला पाहिजेत ना? इथं एकही प्लग नाही. हा टेप कुणीतरी नीट सोडवून काढलाय."

"काढून फेकले असतील प्लग," घोळक्यातून आवाज आला.

"एवढ्या वेळात?"

"ताई, तुमी भोळ्या हाय," पांढरा शर्ट म्हणाला. "हे लोक लई बेरकी. एक काम करू. गाडीत बसवून बघू. बसला तर तुमचा, न्हाई बसला तर याचा. समद्यांच्या समोर."

सगळ्यांना ते पटलं. तो टेप जर बसला, तर? एका मापाच्या किती गाड्या असतील, किती स्क्रीन असतील. बसला म्हणजे माझा झाला असं थोडंच होतं. पण या माणसांना ते त्या उन्हात कोण समजावणार होतं? नको म्हणावं तर मीच काहीतरी लपवते आहे असं वाटलं असतं. मी त्या माणसाकडे बघितलं. तोही स्क्रीनकडेच बघत होता, आणि त्याच्या तोंडावरून कळत होतं की माप त्यालाही माहीत नाही.

"मी बसविते," त्याची बायको म्हणाली. "माझ्या हातानं बसविते. तुमी समदे बगा." तिने स्क्रीन पांढऱ्या शर्टाच्या हातातून ओढून घेतली आणि गाडीकडे चालू लागली. घोळका तिच्यामागे वळला.

तेवढ्यात मला बापू दिसले. ते बाजेवरून उठले होते. हात पुढे धरून, पायाने जमीन चाचपत, सरळ त्या गर्दीतच येत होते. कुणाचातरी खांदा त्यांना लागला, चष्मा तिरका झाला.

"डोळा! त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, बाजूला व्हा!" मी किंचाळले. माणसं सरकली. मी त्यांना धरायला गेले तर त्यांनी माझा हात बाजूला केला. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, ते गोरबोलीत बोलले. त्या माणसाला विचारलं, तू कोणत्या तांड्याचा, कोणाचा मुलगा?

तो माणूस दचकला. मग त्याने गोरबोलीतच उत्तर दिलं. तांड्याचं नाव, बापाचं नाव, आजोबाचं नाव. बोलता बोलता त्याचा आवाज फुटला. बापू आवाजाच्या दिशेने चालत त्याच्यापर्यंत गेले आणि त्याच्या शेजारी उभे राहिले. खांदा चाचपला, त्यावर हात ठेवला.

मग ते मराठीत म्हणाले, "मीबी तांड्यावरचाच हाय. ही माझी लेक. गाडी हिची. आता मारायचं आसंल तर दोघायला मारा."

पांढऱ्या शर्टाने माझ्याकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत, जणू मी आत्ताच तिथे आले होते. ढाबेवाला कपाळाला हात लावून खाली बघत होता. मला वाटलं, आता माणसं पांगतील. पण नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "ते ठीक हाय, पण टेप बसवून तर बघा."

त्या बाईने दार उघडलं. सीटवरच्या काचांवरच गुडघा टेकून ती आत वाकली. मी दुसऱ्या बाजूने आत बघत होते. तिने स्क्रीन भगदाडापाशी नेली, एक कड आत घातली, दुसरी कड आत ढकलली. ती गेली नाही. तिने पुन्हा ढकलली. स्क्रीन भगदाडापेक्षा बोटभर जास्त रुंद होती. तिने तिरकी करून बघितलं, उलटी करून बघितलं, जोर लावून बघितला. शेवटी तिने ती काठावर तशीच धरून ठेवली आणि म्हणाली, "या. एकेकानं येऊन बगा."

एकदोघांनी खरोखरच वाकून बघितलं.

"मग दुसऱ्या कुणाच्या गाडीचा आसंल," पांढरा शर्ट पुटपुटला. पण त्याच्या आवाजात आता जोर नव्हता. तो जीपकडे निघून गेला, जाताना ढाबेवाल्याशी जेवणाविषयी काहीतरी बोलला. लग्नवाल्यांनी मोटरसायकलची चावी बाजेवर ठेवली. चप्पल काढलेला माणूस ती घालून सगळ्यात आधी गेला. कुणीही त्या जोडप्याला एक शब्द बोललं नाही.

ढाबेवाल्याने पाण्याचा जग आणला. माणसाने तोंड धुतलं, चूळ भरली, लाल पाणी जमिनीवर टाकलं. मग टॉवेलावर स्क्रीन ठेवून ती उन्हाकडे करून तपासू लागला. एका कोपऱ्यावर ओरखडा उठला होता. "गिऱ्हाईकाला काय सांगू आता," एवढंच तो म्हणाला. बायकोने पाणी घेतलं नाही.

मी तिच्याजवळ गेले. आमच्या बोलीत म्हणाले, बाई, चुकलं, या लोकांच्या वतीनं मी माफी मागते.

तिने माझ्याकडे बघितलं. तिने मला मराठीतच उत्तर दिलं. "तुमी पयल्यांदाच 'न्हाई' म्हनल्या असत्या तर एक बी थप्पड बसली नसती."

मला माहीत नव्हतं, म्हणून मी माहीत नाही म्हणाले होते. ते खरं होतं, आणि तिचंही खरं होतं.

पोलीस आला तेव्हा लिंबाखाली आम्ही चौघं आणि ढाबेवालाच उरलो होतो. हवालदार साधा, थकलेला माणूस होता. गाडीचे फोटो काढले, काय काय गेलं ते विचारलं. कुणावर संशय आहे का, असं विचारल्यावर मी म्हणाले, "कुणावरही नाही." मग मी त्याला मारहाणीचं सांगायला सुरुवात केली, तर तो माणूस घाईने मध्ये पडला. "काई न्हाई सायेब, गैरसमज झाल्ता. मिटलं." त्याला तिथून निघायचं होतं. हवालदाराने त्याच्या सुजलेल्या ओठाकडे बघितलं, ढाबेवाल्याकडे बघितलं. "तक्रार द्यायची आसंल तर दे, मी हाय," असं दोनदा म्हणाला. त्याने दिली नाही. फाट्यावरची मोटरसायकल आणून, पोतं बायकोच्या मांडीवर ठेवून ते निघाले. हिंगोलीकडे नाही, आले त्या रस्त्याने मागे.

मी फुटक्या काचेच्या जागी ओला टॉवेल कोंबला, सीटवरच्या काचा झटकून बापूंना पुढे बसवलं, त्यांच्या डोळ्यांवर चष्म्यावरून माझी ओढणी बांधली आणि गाडी काढली. टॉवेल वाऱ्याने फडफडत राहिला, सुटून पडला, मी थांबून पुन्हा कोंबला. भगदाडातून गरम हवा पायावर येत होती. हिंगोली ओलांडून औंढ्याच्या रस्त्याला लागल्यावर बापूंनी विचारलं,

"आन् बसला असता तर?"

मी ऐकलंच नाही असं दाखवून गाडी चालवत राहिले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

डोळा बरा झाला. धक्क्याने काही बिघडलं नव्हतं. तपासणीच्या वेळी डॉक्टर खूश होते, आणि लिहिता-वाचता येत नसल्याने बापू भिंतीवरच्या तक्त्यातली चित्रं ओळखून दाखवत होते. टेप मात्र सापडला नाही. एकदा पोलिसांचा फोन आला की दुसऱ्या जिल्ह्यात काही माल पकडला आहे, येऊन बघा. मी फोनवरच फोटो मागवले. त्यातला एकही माझ्या गाडीतला आहे असं मी छातीठोकपणे सांगू शकले नसते. तसं मी त्यांना सांगितलं, आणि ते प्रकरण तिथेच राहिलं.

डोळ्याचं औषध संपल्यावर बापूंनी हट्ट धरला की त्या माणसाच्या तांड्यावर जायचं. त्याच्या बापाचं नाव त्यांनी लक्षात ठेवलं होतं. एका रविवारी मी त्यांना घेऊन गेले. तो घरासमोर पत्र्याच्या शेडमध्ये मोठा स्पीकर उघडून बसला होता. आम्हाला बघून उठला, खाट टाकली. त्याची म्हातारी आई बापूंच्या पाया पडली आणि रडली. बापूंनी तिच्याशी नातेवाइकांच्या, जुन्या बाजारांच्या, बैलांच्या गोष्टी काढल्या आणि ती हळूहळू सावरली.

मी त्याला काम कसं चाललंय ते विचारलं. लग्नातली कामं मिळतात, तो म्हणाला. गाड्यांचे टेप मात्र त्याने सोडले होते. "कुनाचा माल पोत्यात घालून रस्त्यानं न्यायची हिंमत होत न्हाई, ताई. माल कुनाचा ते फोनवर इचारा म्हनलं, तर फोन लागेस्तोवर..." त्याने स्पीकरच्या कागदी पडद्यावरची धूळ फुंकरीने उडवली. मग विचारलं, "तुमचा घावला का?"

"नाही."

"घावनार बी न्हाई," तो म्हणाला. पहिल्यांदाच जरासा हसला. "लई सफाईनं खपवतात."

त्याच्या आईने चहा आणला. दाराच्या आत त्याची बायको दिसत होती, भाकरी थापत होती. मी दोनदा आत बघितलं, एकदा तिने वर मान करून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा परातीकडे वळली. आत जाऊन तिच्याशेजारी बसावं असं फार वाटलं. पण बोलायला काय होतं माझ्याकडे? चहा संपला, बापू उठले, त्या माणसाने त्यांना हाताला धरून गाडीपर्यंत आणलं. आम्ही निघालो तेव्हा म्हातारी दारात उभी राहून हात हलवत होती. तिची सून काही बाहेर आली नाही.